कपाटातली ती बोलणारी पेटी: अंधांसाठीच्या जुन्या संगणक-उपकरणांचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि ठिकठिकाणी जुने संगणक बाहेर निघू लागले. शाळा, ग्रंथालयं, संस्था, सगळीकडे कपाटं रिकामी होताहेत. अंध विद्यार्थी शिकतात अशा ठिकाणी या आवराआवरीत हमखास एखादी अनोळखी वस्तू हाती लागते. कधी ती एक स्पीकर आणि मागे २५ पिनांचं सॉकेट असलेली राखाडी पेटी असते. कधी कीबोर्डच्या खाली सरकवायची, पुढच्या कडेला बारीक छिद्रांची रांग असलेली पट्टी असते. 'हे काय आहे?' याचं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, आणि वस्तू भंगाराच्या पोत्यात जाते.

ही उपकरणं नेमकं काय करतात, त्यांतली कोणती आजही कामाची आहेत आणि ती परत चालू करताना काय बिघडतं, ते इथे पाहू.

### पडदा दिसत नाही, मग संगणक वापरायचा कसा?

पडद्यावरचा मजकूर उचलून दुसऱ्या रूपात देणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. तो स्वतः बोलत नाही. 'आता हे वाच' एवढं तो ठरवतो. त्या मजकुराचा आवाज करण्याचं काम सिंथेसायझरचं, आणि मजकूर बोटाला जाणवेल असा उठवण्याचं काम ब्रेल डिस्प्लेचं. कीर्तनात ओवी कोणती घ्यायची ते बुवा ठरवतात, गळा टाळकऱ्यांचा असतो, तसं हे आहे.

आज सिंथेसायझर हाही एक प्रोग्रामच असतो. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला मात्र बहुतेक संगणकांना कामचलाऊ बीपपलीकडे आवाजच नव्हता. म्हणून बोलण्याचं सगळं काम एका वेगळ्या पेटीत किंवा संगणकात बसवायच्या कार्डावर असायचं. संगणकाने तारेतून अक्षरं पाठवायची, पेटीने ती वाचून म्हणायची. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं १९८४ चं डेकटॉक हे त्यातलं सर्वांत गाजलेलं यंत्र. त्यामागचं संशोधन डेनिस क्लॅट यांचं, आणि त्यातला 'परफेक्ट पॉल' हा आवाज त्यांनी स्वतःच्याच आवाजावरून घडवला होता. स्टीफन हॉकिंग यांचा जगाला ओळखीचा झालेला आवाज दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचा होता, पण त्याचं मूळही क्लॅट यांच्याच कामात आहे.

हा आवाज तयार कसा होतो? जत्रेतली पिपाणी फुंका आणि तिच्या तोंडावर तळहात उघड-झाक करा. 'वाँ... वाँ...' असा जवळजवळ बोलल्यासारखा आवाज निघतो. पिपाणीचा सूर म्हणजे आपला कंठ आणि तळहाताची पोकळी म्हणजे आपलं तोंड. या पेट्यांतली चिप हेच गणिताने करते: एक गुणगुण तयार करायची आणि ती बदलत्या चाळण्यांतून काढायची. म्हणून आवाज यंत्रासारखा कोरडा लागतो. पण याच कोरडेपणामुळे वेग दुप्पट-तिप्पट केला तरी शब्द फुटत नाहीत. रोज तासन्‌तास ऐकणाऱ्याला गोड आवाजापेक्षा वेगात स्पष्ट राहणारा आवाज हवा असतो. डोळस माणसाला हे चटकन पटत नाही.

### आवाज बाहेर असण्याचा फायदा

आजच्या लॅपटॉपमध्ये बोलणं सुरू व्हायला आधी विंडोज उघडावी लागते, साउंडचा ड्रायव्हर चालावा लागतो, मग स्क्रीन रीडर. यातली एक कडी निसटली की संगणक मुका. मुक्या संगणकावर अंध माणूस काय बिघडलंय हेसुद्धा पाहू शकत नाही. डोळस माणसाचा पडदा काळा पडला तर जे होईल तेच.

बाहेरच्या पेटीचं तसं नाही. घरातलं सगळं वायरिंग जळालं तरी खिशातली विजेरी पेटते, तशी ती स्वतःच्या विजेवर, स्वतःच्या चिपवर बोलते. लिनक्स या फुकट संगणक-प्रणालीमध्ये स्पीकअप नावाचा स्क्रीन रीडर थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात बसतो. २०२० मध्ये आलेल्या ५.९ आवृत्तीपासून तो कर्नलचा रीतसर भाग आहे. डेकटॉक एक्सप्रेस, डबलटॉक, लाइटटॉक, अपोलो, अ‍ॅक्सेंट अशा जुन्या पेट्यांचे ड्रायव्हर त्यात आजही आहेत. अशी पेटी जोडलेली असली तर संगणक सुरू होतानाचे संदेशही ऐकू येतात; साउंड कार्डची वाट पाहावी लागत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या अंध तंत्रज्ञासाठी ही सोय आजही मोलाची आहे.

### पिनांना भाषा नसते

बोलणाऱ्या पेटीला आपल्याकडे एक मोठी मर्यादा आहे. तिच्या चिपमध्ये उच्चाराचे नियम इंग्रजीचे कोंबलेले असतात. तिला देवनागरी पाठवली तर प्रत्येक अक्षर तीन-तीन बाइटचं होऊन जातं आणि ती बडबडते किंवा गप्प बसते. रोमन लिपीत मराठी लिहून पाठवता येतं, पण 'ळ' आणि 'ण' तिच्याकडे नाहीत. 'बाळ'चं 'बाल' होतं. मराठी वाचनासाठी ही पेटी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी बोलण्यासाठी ईस्पीक हा फुकट प्रोग्राम आहे, तो संगणकातच चालतो.

ब्रेल डिस्प्लेचं, म्हणजे कीबोर्डखाली सरकवायच्या त्या पट्टीचं, गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. त्यातल्या एका अक्षरघराला सेल म्हणतात. एका सेलमध्ये सहा किंवा आठ पिना, म्हणजे आठ पिनांच्या ४० सेलच्या पट्टीत ३२० पिना झाल्या. प्रत्येक पिनेखाली पिझो नावाच्या पदार्थाची एक पातळ पट्टी असते. गॅसचा लायटर दाबला की ठिणगी पडते ना, ते पिझोच: दाब दिला की वीज. इथे उलटं होतं. वीज दिली की पट्टी वाकते आणि पीन वर येते. त्यासाठी सुमारे २०० व्होल्ट लागतात, पण करंट अगदी नगण्य असतो.

कोणत्या पिना वर करायच्या हे संगणक ठरवतो, ब्रेल पट्टी फक्त हुकूम पाळते. म्हणून १९९० साली अमेरिकेत इंग्रजीसाठी बनलेली पट्टी आज मराठी दाखवू शकते. भारतीय भाषांचं ब्रेल १९५१ मध्ये एकसारखं ठरलं, ते भारती ब्रेल. त्यात 'मराठी' हा शब्द पाच सेलमध्ये बसतो: म (१-३-४), र (१-२-३-५), काना (३-४-५), ठ (२-४-५-६), दीर्घ ई (३-५). 'ठ'ची खूण इंग्रजी डब्ल्यूचीच आहे. पिनेला त्याचं काही सोयरसुतक नाही. वाचणाऱ्याचं बोट भाषा ओळखतं.

आणि इथेच ब्रेलला आवाजाचा पर्याय चालत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. बोटाला एकात मधला सेल २-४ लागतो, दुसऱ्यात ३-५. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाचं शुद्धलेखन कच्चं राहतं त्याचं कारण हेच. आणि ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यासाठी तर संगणकाचं दुसरं दारच नाही.

पट्टी चालवायला दोन फुकट प्रोग्राम पुरतात. लिनक्सवर बीआरएलटीटीवाय, जो १९९५ पासून सुरू आहे आणि टेलिसेन्सरीच्या नॅव्हिगेटर, पॉवरब्रेल किंवा ब्लेझीच्या ब्रेल लाइटसारख्या जुन्या यंत्रांनाही ओळखतो. विंडोजवर एनव्हीडीए हा २००६ चा स्क्रीन रीडर. त्याच्या ब्रेलच्या सेटिंगमध्ये 'आउटपुट टेबल', म्हणजे कोणत्या अक्षराला कोणत्या पिना हे सांगणारा तक्ता, मराठी निवडायचं राहून गेलं की मराठी अक्षराऐवजी तिरकी रेघ आणि आकडे-अक्षरांची रांग उमटते. पट्टी बिघडली असं समजून ती परत कपाटात जाते. आधी टेबल बघा.

### बोटाने अक्षर 'पाहणारं' यंत्र

ऑप्टाकॉन या यंत्राचा उल्लेख टाळता येत नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांनी आपल्या अंध मुलीला छापील पुस्तकं वाचता यावीत म्हणून त्याची कल्पना मांडली आणि १९७१ मध्ये ते विक्रीला आलं. उजव्या हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून फिरवायचा, डाव्या तर्जनीखाली २४ आडव्या ओळी आणि ६ उभ्या रांगांत मांडलेल्या १४४ पिना थरथरायच्या. कॅमेऱ्याला जिथे काळं दिसेल तिथली पीन थरथरणार. म्हणजे ब्रेल नाही, अक्षराचा आकारच बोटाखालून सरकत जातो. आकार कुठल्याही लिपीचा असू शकतो. देवनागरीत मात्र शिरोरेषेमुळे वरच्या पिना सतत थरथरत राहणार आणि वरची वेलांटी, खालचा उकार एका चौकटीत मावायला कॅमेऱ्याचं भिंग जुळवून घ्यावं लागणार. वाचन सावकाश होतं, शिकायला चिकाटी लागते. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. नवं यंत्र मिळत नाही, म्हणून सापडलेलं एकही फेकू नका.

### पेटी चालू करण्याआधी

सर्वांत जास्त यंत्रं पहिल्या मिनिटात मरतात, कारण कुणीतरी प्लग थेट बोर्डात घालतं. अमेरिकेतून आलेल्या यंत्राचा अडॅप्टर बहुधा ११० ते १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० येतात. जुन्या, जड, ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरमध्ये दुपटीने व्होल्टेज गेलं की आधी वास येतो, मग धूर. अडॅप्टरवर 'इनपुट'समोर १००-२४० लिहिलं असेल तरच थेट लावा. नसेल तर २२० चं ११० करणारा स्टेपडाउन घ्या. गावातली डीपी करते तेच काम हा घरात करतो.

मूळ अडॅप्टर हरवला असेल तर पेटीवरच्या तीन गोष्टी जुळवा. व्होल्ट नेमके हवेत. अ‍ॅम्पिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. तिसरी गोष्ट लोक विसरतात: डीसी की एसी. आकड्याशेजारी सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी, नागमोडी रेघ असेल तर एसी. काही जुन्या पेट्यांना ९ किंवा १२ व्होल्ट एसीच लागतात. डीसी असेल तर मधली पीन अधिक की उणे, तेही चित्रात बघा; उलटं लागलं तर पेटी जाऊ शकते. जुना ९ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा मोजला तर मीटरवर १२-१३ दाखवतो, तो बिघडलेला नसतो. भार पडला की उतरतो.

मग आतली बॅटरी. निकेल-कॅडमियमची बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली की पाझरते. सर्किटवर हिरवट-पांढरी पावडर दिसली तर बॅटरी कापून काढा. हा पाझर अल्कली असतो, म्हणून कापसाच्या बोळ्याने पांढरं व्हिनेगर लावायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून एक दिवस वाळू द्यायचं. बॅटरी शिसं-आम्लाची असेल तर उलट खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. आधी कोणती ते ओळखा. हातमोजे घाला. बॅटरीवर स्मृती टिकवणाऱ्या यंत्रात जुना मजकूर राहिलेला असण्याची शक्यता असेल, तर बॅटरी कापण्याआधी जाणकाराला विचारा.

आत एखाद्या चिपवर स्टिकर चिकटवलेला दिसला तर तो काढू नका. त्याखाली काचेची खिडकी असते आणि तिच्यातून अतिनील प्रकाश गेला की चिपमधला प्रोग्राम पुसला जातो. पेटी साफ करून मे महिन्यात अंगणात वाळवायला ठेवणं हे यासाठीही नको.

मराठवाड्याचा उन्हाळा कपॅसिटरचा शत्रू आहे. ४२-४३ अंशांत पत्र्याच्या खोलीत बंद पेटीचं आतलं तापमान आणखी चढतं आणि कपॅसिटरमधला द्रव सुकतो. आवाजात घरघर येणं, गरम झाल्यावर बंद पडणं ही त्याची लक्षणं. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचे घ्या. टीव्ही दुरुस्त करणारा कुठलाही जुना कारागीर हे करून देईल. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लावाच.

### तार जुळेना, तर

या पेट्या सिरियल पोर्टने बोलतात. म्हणजे अक्षरं एकामागून एक, एकाच तारेतून. आजच्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो. डेस्कटॉप असेल तर आधी मदरबोर्ड तपासा. अनेकांवर 'कॉम' लिहिलेल्या नऊ पिना आत असतात आणि एका स्वस्त पट्टीने त्या मागे काढता येतात. हा खरा पोर्ट सर्वांत भरवशाचा. यूएसबी कन्व्हर्टर घेणार असाल तर एफटीडीआय चिपचा घ्या. स्वस्त कन्व्हर्टरमधली प्रोलिफिकची जुनी चिप नव्या विंडोजमध्ये चालत नाही. ती २०१२ पासून बंद केल्याचं डिव्हाइस मॅनेजरच सांगतो. आर्डुइनोच्या दुकानात मिळणारं उघडं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल थेट जोडू नका. ते ५ किंवा ३.३ व्होल्टचं असतं आणि पेटीच्या तारेवर उणे १२ ते अधिक १२ व्होल्ट असू शकतात. मध्ये व्होल्ट जुळवणारी मॅक्स ३२३२ चिप लागते.

संगणकाच्या मागचं भोकांचं २५ पिनी सॉकेट प्रिंटरचं आहे, सिरियलचं नाही. तिथे जोडू नका.

चाचणी सोपी आहे. टाइप केलेलं थेट तारेतून पाठवणारा टर्मिनल प्रोग्राम उघडा, वेग ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ठेवा. 'हॅलो' इंग्रजीत लिहा, पूर्णविराम द्या, एंटर दाबा.

पेटी बडबडली तर वेग जुळला नाही. दोन टाळकरी वेगळ्या लयीत वाजवताहेत. १२००, २४००, १९२०० करून बघा. काहीच आवाज नाही, तर तारेत २ आणि ३ नंबर उलटे हवे असतील. मल्टीमीटरने खात्री करता येते: नऊ पिनीमध्ये ५ नंबर (२५ पिनीमध्ये ७) ही जमीन धरून २ आणि ३ मोजा. जिथे उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसतील ती बोलणारी पीन. संगणकाची बोलणारी पीन पेटीच्या ऐकणाऱ्या पिनेला मिळाली पाहिजे. बोलणाऱ्या दोघी एकमेकींना जोडल्या गेल्या तर दोन्हीकडे शांतता.

छोटी वाक्यं नीट, पण लांब परिच्छेदात मधले शब्द गायब, ही तक्रार फार येते. टँकरचा पाइप हौदात सोडला आणि हौद भरल्यावर 'थांब' म्हणणारा माणूसच नाही, अशी ती गत. 'थांब' सांगायला तारेत वेगळ्या दोन वाटा असतात, नऊ पिनीत ७ आणि ८. तीन तारांची स्वस्त केबल असेल तर त्या नसतातच. पूर्ण तारांची केबल घ्या.

ब्रेल पट्टीत काही पिना अर्ध्याच वर येत असतील तर बहुतेक वेळा बोटांचा घाम आणि धूळ असते. सगळ्या पिना वर करणारा नमुना चालवा, मग पट्टी बंद करून लव न सुटणाऱ्या फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. ओतू नका. शिवणयंत्राचं तेल तर अजिबात नको. दोन दिवस पीन छान चालते, मग तेलात धूळ बसून कायमची अडकते. वाचण्याआधी हात धुण्याची सवय ही सर्वांत चांगली दुरुस्ती.

### 'आता मोबाइल बोलतो की. मग हे कशाला?'

मोबाइलने मोठा फरक पडला, यात शंका नाही. नोट ओळखणं, पत्र वाचणं, मेसेज ऐकणं, सगळं खिशात आलं. पण फोन ब्रेल वाचायला देत नाही. त्याला जोडायची नवी ब्रेल पट्टी बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. जी पट्टी आधीच कपाटात आहे ती दुरुस्त करणं परवडतं. बोलणाऱ्या पेटीबद्दल माझा आग्रह कमी आहे. ती संगणक शिकणाऱ्या, लिनक्स वापरणाऱ्या मोजक्या लोकांच्या कामाची. ब्रेल पट्टी मात्र पाचवीतल्या मुलाच्याही कामाची.

### 'दुरुस्तीवाल्याला यातलं काय कळणार?'

वीज आणि तारा त्याला कळतात, तेवढं पुरतं. छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटवरच्या मोबाइलवाल्याला ब्रेल येण्याची गरज नाही. कपॅसिटर बदलायला, तुटलेला जॅक डाग देऊन बसवायला हात हवा. फक्त दोन गोष्टी त्याला आधी सांगा. पट्टी चालू असताना आत बोट घालायचं नाही, आत २०० व्होल्ट आहेत. आणि उबुंटूवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) सिरियल कन्व्हर्टर चालत नसेल तर 'बीआरएलटीटीवाय काढून टाका' असा सल्ला इंटरनेटवर जागोजागी आहे. काही स्वस्त कन्व्हर्टरचा नंबर एका ब्रेल यंत्रासारखाच असल्याने तो प्रोग्राम पोर्ट पकडून बसतो, हे खरं. पण अंध माणसाच्या संगणकावर तो काढला की त्याचं ब्रेलच बंद होतं. तिथे कन्व्हर्टर बदलायचा.

### 'नाहीच चालली, तर?'

तरी फोडू नका. एका मेलेल्या पट्टीतले चांगले सेल दुसऱ्या तशाच पट्टीला लागतात. सोबतच्या ३.५ इंची फ्लॉप्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने आताच कॉपी करून घ्या. ५.२५ इंची मात्र त्यात जात नाहीत, त्या वेगळ्या ठेवा. ज्याचं खरोखरच काही उरलं नाही ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या; निकेल-कॅडमियम बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते.

ठेवायची असेल तर बॅटरी काढून, जाड कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर ठेवा. मूळ अडॅप्टर आणि केबल त्याच पेटीला दोरीने बांधा. अडॅप्टरवर चिठ्ठी चिकटवा, 'फक्त ११० व्होल्ट, स्टेपडाउन लावूनच', आणि तेच ब्रेल पाटीवर टोचून एक पट्टी त्याच्याशेजारी लावा, म्हणजे ती पेटी जो वापरणार आहे त्यालाही प्लग लावण्याआधी ते वाचता येईल.